मंगळवारची शांतता

६ जानेवारी, मंगळवार

या हातांनी केलेल्या वस्तू : रेडिओची पेटी (वय चौदा, लाकूड फळांच्या खोक्यांचं). एका शाळेची बेचाळीस दारं, त्यातलं एकही आजवर करकरलेलं नाही. सतरा पायऱ्यांचा गोल जिना, एक खिळा नाही. नाटकांचे सेट — मोजले नाहीत, साठेक असतील. हिच्या शिलाई मशीनची पेटी. लेकीच्या पहिल्या वर्षाच्या फिल्मसाठी कॅमेऱ्याची गाडी. प्लायवूड आणि स्केटिंगची चाकं. तिच्या फिल्म संस्थेची विकतची गाडी खडखडते, ही नाही. आणि हे टेबल, ज्यावर लिहितोय.

हे सगळं फॉर्मवर मावलं नाही. लेकीच्या संस्थेचा फॉर्म — शेवटच्या वर्षाची फिल्म, टीममधल्या प्रत्येकाची माहिती. ‘लोकेशन प्रमुख’ समोर तिने माझं नाव घातलंय. शेजारी रकाना : शिक्षण. दोन बोटं रुंद.

"बाबा, काहीही लिहा. कोण वाचतंय?"

मी रेघ मारली. सरळ मारली, पट्टीशिवाय.

८ जानेवारी

तिची गोष्ट वाचली. अकरा पानं. एक खोली, एक दुपार. आजारी बाप पलंगावर झोपलाय आणि दोन मुली त्याच्या उशाशी बसून ठरवतायत, याला कोणी न्यायचं. तो जागा होऊ नये म्हणून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं कुजबुजीत. बापाला एक वाक्य नाही.

हिला म्हटलं, बापाला एकही वाक्य नाही. ही म्हणाली, "म्हणजे तुमच्यावरून लिहिलेलं नाही. तुम्ही झोपेतसुद्धा सूचना देता."

गोष्ट चांगली आहे. तिला तसं सांगितलं नाही. पान सातवर दोन दुरुस्त्या सांगितल्या.

कॅमेरा संस्थेचा — ६, ७, ८ फेब्रुवारी, शुक्रवार ते रविवार. तीनच दिवस. पुढे-मागे होत नाही, नंतर दुसऱ्या मुलांचा नंबर. फिल्म जमा झाली नाही तर वर्ष गेलं. जागा मी शोधायची. मंगळवारी माझा गाळा बंद असतो, म्हणजे चार मंगळवार हातात.

१३ जानेवारी, मंगळवार

आज तीन जागा.

पहिली, एका शाळामास्तरांचा तिसरा मजला. खोली दहा बाय नऊ. कॅमेरा मागे न्यायचा तर भिंतीतून. नाही.

दुसरी, निवृत्त पोस्टमास्तरांचं घर. खिडकी सुंदर, उजेड अकरा ते तीन हलत नाही. पण शेजारी एक गृहस्थ कॉर्नेट शिकतायत. किती वाजेपर्यंत, विचारलं. पोस्टमास्तर म्हणाले, "सहा वर्षं झाली, अजून सूर लागलेला नाही. तो लागेपर्यंत."

तिसरी, बंद पडलेला दवाखाना. डॉक्टरांची अट : पाटी दिसली पाहिजे, त्यांच्या नावासकट. बिचाऱ्या झोपलेल्या बापाच्या डोक्यावर त्वचारोगतज्ज्ञाची पाटी!

प्रत्येक जागेची नोंद वेगळ्या कागदावर केली. दाराची रुंदी, छताची उंची, उत्तर कुठे, प्लग किती, वायर किती जुनी, टाळी वाजवली तर घुमते का. लेक म्हणाली, संस्थेतल्या सरांनी असा कागद कधी पाहिला नसेल. त्यांना दाखव म्हटलं.

२० जानेवारी, मंगळवार

चार जागा. चारही नाही. एका ठिकाणी खिडकी पश्चिमेला, एका ठिकाणी कुत्रं, एका ठिकाणी पाण्याचा पंप दर वीस मिनिटांनी. चौथ्या घरातल्या आजींना वाटलं मी पाडकामवाला. दार उघडेनात.

पाय भरून आले. पन्नाशीनंतर माणसाने दुसऱ्यांचे जिने मोजू नयेत.

२४ जानेवारी, शनिवार

लेक न जेवता उठली. मी तिच्या खोलीत गेलो. पाठ करून बसली होती. म्हणाली, "जागाच नाही तर फिल्म कशाची? रद्द करून टाकते. सरांना आधीच सांगितलेलं बरं."

मिळेल म्हटलं.

"कुठून मिळेल बाबा? शांत खोली. फक्त एक शांत खोली हवी आहे, राजवाडा नाही."

मिळेल, एवढंच म्हणत राहिलो.

२७ जानेवारी, मंगळवार

मिळाली!

रेल्वेच्या पुलापलीकडे, गल्लीच्या टोकाला. पुढच्या भागात एक शिंपीणबाई राहतात, मागची खोली दोन वर्षं रिकामी. सतरा बाय साडेबारा. छत अकरा फूट. खिडकी आग्नेयेला, गजांची, लाकूड अजून सरळ. भिंतीचा रंग असा की मी स्वतः घोटला तरी इतका उतरणार नाही — हिरवा, पण कंटाळलेला. फरशी दगडी. कॅमेऱ्याची गाडी लोण्यावरून जाईल.

खोलीच्या मध्यभागी डोळे मिटून दहा मिनिटं उभा राहिलो. घड्याळ लावून. नळ टिपकत होता (वायसर, बदलीन). एक कबुतर. लांबून एक गाडी. बस्स. माझा श्वास मला ऐकू येत होता.

मागच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड आहे. गंजलेली, दाराला कुलूप. पडीक.

शिंपीणबाई मागे मागे येऊन काहीतरी सांगत होत्या. म्हटलं, बाई, आधी मला मोजू द्या.

कागदावर लिहिलं : आवाज — शून्य. खाली सही केली.

२८ जानेवारी

लेकीला संध्याकाळी नेऊन दाखवली. साडेसात झाले होते, शिंपीणबाईंनी कंदिलासारखा बल्ब लावून दिला. लेक पलंगाच्या जागी उभी राहिली, मग खिडकीशी, मग दोन्ही बहिणींच्या जागी आळीपाळीने बसून बघितलं. निघताना माझा दंड धरला. गल्लीच्या तोंडापर्यंत सोडला नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

साउंडवाली घरी आली होती. त्यांच्या टीमची आवाज रेकॉर्ड करणारी मुलगी, चिमुकली, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाली, "काका, उद्या मी जाऊन येऊ का? रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून बघते. अर्धा तास लागेल."

मी कागद पुढे केला. तिने वाचला, वरून खालपर्यंत.

"काका, कागद मस्तच आहे. पण तरी एकदा..."

म्हटलं, पोरी, मला कान आहेत. यंत्रांत जन्म गेला, करवतीचा दात बोथट झाला तर आवाजावरून सांगतो. तू तुझं मशीन तपास.

ती लेकीकडे बघायला लागली. लेक माझ्याकडे. मग लेक म्हणाली, "राहू दे गं. बाबांनी पाहिलंय ना."

आतून हिचा आवाज : "गेली असती पोरगी तर खोली झिजली असती का?"

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तिथे. सात तास. वायसर बदलला. प्लगचा लोड तपासला, दोन दिवे आणि मॉनिटर आरामात. खिडकीची वरची फळी जरा घासत होती, रंधा मारला. उजेडाची दर अर्ध्या तासाची खूण खडूने फरशीवर केली, म्हणजे कॅमेरावाल्याला आकाशाकडे बघायला नको. पलंग आणला, चार पायांखाली लोकरीचा नमदा चिकटवला.

पुन्हा दहा मिनिटं डोळे मिटले. कबुतरसुद्धा नव्हतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी नऊ दहाला.

सगळे जागेवर होते. दोघी नट्या पलंगापाशी, झोपलेला बाप (एक निवृत्त कंपाउंडर, खरोखरच झोपले होते). लेकीने हात वर केला. मी दारात उभा.

धप्प.

साउंडवालीने एका कानावरून हेडफोन उचलला. सगळ्यांनी छताकडे पाहिलं, का कोण जाणे. पुन्हा धप्प. कॅमेरावाला म्हणाला, "वर कोणी काही आपटतंय?" वर कोणी नाही, वर पत्रा आहे.

मागची शेड. पडीक शेड. कुलूप काढलेलं, दार सताड उघडं, आत तीन प्रेस मशीनं. डब्यांची झाकणं कापतात. मिनिटाला सोळा. मी मोजले — दुसरं काय करणार होतो!

मंगळवारी माझा गाळा बंद असतो, म्हणून मी मंगळवारी फिरलो. आणि माझा गाळा मंगळवारी बंद का असतो? या गावात यंत्रं चालवणाऱ्या सगळ्यांचीच सुट्टी मंगळवारी असते म्हणून. तीस वर्षं ती सुट्टी घेतोय मी. यंत्रांच्या सुट्टीच्या दिवशी यंत्रांचा आवाज शोधायला गेलो, दोनदा गेलो, घड्याळ लावून उभा राहिलो, आणि खाली सही केली.

शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार. इतकं सगळं मोजत होतात." मग हळूच म्हणाल्या, "मला आता कळतही नाही ते. थांबलं की जाग येते."

लेक मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, पुढे

झाकणवाल्याकडे गेलो. हात जोडून गेलो, हे इथे लिहून ठेवतो. चांगला माणूस. न्याहारीचा डबा उघडला होता, जागा करून दिली. म्हणाला, "दादा, माल सोमवारी द्यायचाय. बंद कसा ठेवू? जेवायच्या सुट्टीत पस्तीस मिनिटं बंद असतं, तेवढं तुमचं." आणि मग, अगदी मनापासून : "मंगळवारी यायचं ना तुम्ही. मंगळवारी इथे टाचणी पडली तर ऐकू येते."

हो म्हणालो. माहीत आहे.

पस्तीस मिनिटांत दीड पान झालं. झोपलेला बाप घोरायला लागला, त्यात चार मिनिटं गेली.

दुपारी मी भिंतीला गाद्या लावल्या. मग भुशाची पोती. मग गाळ्यावरून प्लाय आणून दुसरी भिंत उभी केली, मध्ये हवा ठेवून. साडेतीन तासांत. अशी भिंत दुसऱ्या कोणाला दोन दिवसांत जमणार नाही. साउंडवालीने हेडफोन लावले, मान हलवली. मग वाकून फरशीला तळहात लावला आणि माझाही हात धरून तिथे टेकवला. आवाज दगडातून येत होता. भिंतीचा संबंधच नव्हता.

"काका, तुमची चूक नाही," म्हणाली. त्या मुलीने म्हणावं हे!

७ फेब्रुवारी, शनिवार

पस्तीस मिनिटं. दीड पान. धाकट्या बहिणीचं काम करणारी मुलगी घाईने रडली, लेक म्हणाली पुन्हा, तेवढ्यात भोंगा झाला. धप्प.

सुट्टीत सगळे पायरीवर बसले होते, चहा घेऊन. कॅमेरावाला म्हणाला, "असलं काम शूटिंगच्या आवाजबंद फ्लोअरवरच करायला हवं. नदीपलीकडचा तो नवा फ्लोअर बघितलाय? दार लावलं की बाहेर बॉम्ब फुटला तरी कळत नाही."

लेक म्हणाली, "तो बाबांच्या जुन्या भागीदाराचा आहे."

"मग?"

"मग काय? एका दिवसाचं भाडं ऐकलंस? आपली सगळी फिल्म होते त्यात. आपल्यासारख्यांना नाही परवडत. हो ना बाबा?"

हो म्हटलं. नाही परवडत.

भागीदार आणि मी नऊ वर्षं एकत्र सेट उभे केले. डोकं माझं, हात माझे, बोलणं त्याचं. एका सेटचा वर्तमानपत्रात फोटो आला. तो सबंध मी केलेला, कमानीचा कोपरा न् कोपरा. खाली नाव त्याचं एकट्याचं. मी म्हटलं, छापणाऱ्यांना कळव. तो म्हणाला, "एवढ्यातेवढ्यावरून काय रे!" अकरा वर्षं झाली. समोर दिसलो तर रस्ता ओलांडतो आम्ही.

८ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा दिवस. दोन पानं त्या पस्तीस मिनिटांत. उरलेली सहा लेकीने धप्प चालू असतानाच घेतली. म्हणाली, आवाज मागाहून स्टुडिओत भरू. साउंडवाली चष्मा पुसत बसली.

पाच वाजता कॅमेरा परत गेला. प्लायची भिंत मी एकट्याने उतरवली. फरशीवरच्या खडूच्या खुणा पुसल्या. शिंपीणबाईंनी विचारलं, "झालं का मनासारखं?"

११ फेब्रुवारी

गाळ्यावर गेलो नाही.

१० तारखेचा मंगळवार घरात काढला. शांत होता.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लेकीने स्टुडिओत ओठ जुळवून आवाज भरून घेतला. आज घरी लावून दाखवलं. ही म्हणाली, "छान दिसतात दोघी." म्हणजे बाकी काही बोलण्यासारखं नाही.

कुजबूज जुळते, शब्द जुळतात. पण त्या बायका बोलत नाहीत, त्यांच्यावर कोणीतरी बोलतंय. पस्तीस मिनिटांतली पाच पानं आली की खोली श्वास घ्यायला लागते. ती संपली की पुन्हा बाहुल्या. लेकीने मध्येच बंद केलं.

"बाबा, ते जेवायच्या सुट्टीतलं ऐकलंत ना? तसं होणार होतं सगळं."

ऐकलं.

३ मार्च, मंगळवार

दिवसभर रंध्याचं पातं घासलं. धार आली होती तरी घासत राहिलो. ही दारात येऊन म्हणाली, "पातं संपेल आता." संपलं तर संपलं.

१२ मार्च, गुरुवार

निकाल लागला. फिल्म नामंजूर. पुन्हा वर्ष करायचं, नाहीतर सोडायचं. सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं म्हणे, की ती पाच पानं गेल्या कित्येक बॅचमध्ये कोणी काढली नव्हती, आणि पाच पानांना पदवी देता येत नाही.

ती पुन्हा करणार नाही म्हणते. एका जाहिरातीच्या ऑफिसात जागा आहे, साबणांच्या चित्रफिती कापायच्या. सोमवारपासून. मी म्हटलं, एक वर्ष काय, कसंही काढू. म्हणाली, "वर्षाचं नाही बाबा. ती गोष्ट संपली माझ्यातली."

हिने आज पहिल्यांदा मला टोमणा मारला नाही.

१४ मार्च, शनिवार

लेकीने संस्थेच्या परीक्षा समितीला जे निवेदन दिलं होतं, त्याची प्रत टेबलावर राहिली होती. वाचायला नको होती. वाचली.

"आवाजबंद जागा आमच्या आवाक्यात नव्हती. उपलब्ध असलेल्या सर्व जागा आमच्या लोकेशन प्रमुखांनी अतिशय काटेकोरपणे तपासल्या. जे घडलं त्याला दुसरा पर्याय नव्हता. याबद्दल टीममधील कोणालाही जबाबदार धरू नये."

माझ्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडलेली. सहीसकट.

संध्याकाळी ती गाळ्यावर आली. खूप दिवसांनी आली. स्टुलावर बसून भुसा पायाने इकडेतिकडे करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मंगळवारची चूक कोणाकडूनही झाली असती. आणि खरं सांगू? दुसरी जागा आपल्याला मिळणारच नव्हती. तुम्ही होतात म्हणून पाच पानं तरी झाली."

मी रंधा मारत होतो. मान वर केली नाही.

"बाबा, ऐकताय ना?"

हो म्हटलं.

१६ मार्च, सोमवार

लेक ऑफिसला गेली. कडक इस्त्रीचा शर्ट. साडेनऊला. डबा विसरली, मी नेऊन दिला. तिथल्या दरवानाने विचारलं, कोण आपण? वडील म्हटलं.

१७ मार्च, मंगळवार

या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं, ते लिहितो.

बावीस जानेवारीला, शिंपीणबाईंची खोली सापडायच्या पाच दिवस आधी, भागीदाराचा गाळ्यावर फोन आला. अकरा वर्षांनी. लेकीला जागा मिळत नाही हे त्याला तिच्या सरांकडून कळलं होतं. म्हणाला, "माझा फ्लोअर घे. सहा, सात, आठ, तिन्ही दिवस. आत खोली तू उभी कर, तुझ्यासारखी कोणाला येते? पोरीसाठी म्हणतोय, तुझ्यावर उपकार नाही."

मी म्हणालो, माझ्या लेकीला तुझ्या दारातून जायची गरज नाही. आणि फोन ठेवला. तिला सांगितलं नाही. हिलाही नाही.

भाडं त्याने मी फोन ठेवायच्या आधीच सांगितलं होतं. कागदावर काहीतरी आकडा लागतो म्हणून : एक रुपया.